कच्चं केळं आणि कुपोषण

मेळघाटातल्या चिखलदरा-धारणीच्या कुपोषणाची बातमी आली, की आपण उष्मांक मोजायला बसतो. पण पोर जेवतं तेव्हा त्याच्या आतड्यातले जिवाणूही जेवतात. तिथल्या कोरकू आदिवासींच्या कुटकीतला, ज्वारीतला चोथा ते आंबवतात, त्यातून ब्युटिरेट हे मेदाम्ल तयार होतं. आतड्याचं अस्तर त्यावर पोसतं, प्रतिकारक पेशीही उगाच भडकत नाहीत.

ढाक्यातल्या कुपोषित मुलांचे जिवाणू धाकट्या बाळांसारखे, अपक्व असल्याचं सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जेफ्री गॉर्डन यांच्या गटाला २०१४ मध्ये दिसलं. मग ते जिवाणू पक्व व्हावेत म्हणून या गटाने हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे, कच्चं केळं असा आहार आखला. (यातलं वऱ्हाडात काय मिळत नाही?) त्याच्या चाचणीचा २०२१चा निकाल: नेहमीच्या पूरक आहारापेक्षा उष्मांक कमी, तरी वजनवाढ सरस. शिवाय हाडांच्या आणि मेंदूच्या वाढीशी निगडित प्रथिनंही रक्तात वाढली.