ढिगाऱ्यातली राणी

मस्कतमध्ये पोर्तुगीजांचा ऑगस्टिनियन मठ शोधायला निघालात, तर हाती एक शब्द लागेल. १६५० मध्ये ओमानी अरबांनी शहर घेतलं आणि तिथल्या चर्चच्या इमारतींना नवे मालक मिळाले. १७६५ मध्ये आलेल्या प्रवासी कार्स्टन नीबूरला एका चर्चमध्ये गोदाम आणि दुसऱ्यात वालीचं, म्हणजे सुभेदाराचं, निवासस्थान दिसलं. पण लोक मठाच्या जागेला ‘गरेझा’ म्हणत राहिले. मूळ पोर्तुगीज ‘इग्रेजा’, म्हणजे आपल्या गोव्याची ‘इगर्ज’.

मस्कतच्या ऑगस्टिनियनांची सूत्रं गोव्यातून हलत. तिथला त्यांचा मठ जुन्या गोव्यात, मोंते सांतोच्या टेकडीवर, अजून उभा आहे. उभा म्हणजे निम्मा. ४६ मीटर उंच बुरुजाचा जांभ्याचा एक सुळका तेवढा उरलाय. १८३५ मध्ये धर्मसंघांवर बंदी आली आणि मठ ओस पडला. १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा बुरुज. घंटा मात्र वाचली. ती आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते.

अशा पडक्या वास्तूचं जतन म्हटलं की डोळ्यांसमोर चुना कालवणारे गवंडी येतात. खरा धोका त्याच्या आधी असतो, राडारोडा उचलताना. छत कोसळलं की खालची फरशी, थडग्यांचे दगड, निळ्या नक्षीच्या फरश्या सगळं जसंच्या तसं गाडलं जातं. पाट्या भरून माती दरीत टाकली की संपलं. तो ढीग पुन्हा कोणाला रचता येत नाही. म्हणून फावड्याशेजारी पुरातत्त्वज्ञ हवा. कुठला तुकडा कुठल्या थरात, कुठल्या भिंतीपासून किती अंतरावर मिळाला, हे तो टिपतो आणि मग माती चाळणीतून जाते. काम रेंगाळतं, ठेकेदार वैतागतो. वैतागू दे.

या चिकाटीचं मोल राणी केतेवाननं दाखवलं. जॉर्जियाच्या या राणीला १६२४ मध्ये शिराझला इराणच्या शाह अब्बासच्या हुकमानं हाल करून मारलं. ऑगस्टिनियनांनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि १६२७ मध्ये त्यांतल्या काही गोव्याला आणल्या. त्या नेमक्या कुठे ठेवल्या, हे पोर्तुगीज कागदांत होतं: मठातल्या चॅप्टर चॅपलच्या दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत. पण कागदातली खिडकी ढिगाऱ्यात ओळखायची कशी? आधी मठाचा आराखडा जुळवावा लागला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं १९८९ नंतर इथला ढिगारा टप्प्याटप्प्यानं उपसला आणि २००४ मध्ये हाताचं एक मोडकं हाड मिळालं.

हाड कोणाचं, हे हाड सांगत नाही. ते कुठे मिळालं, यावरून नुसता तर्क करता येतो. खुलासा हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेनं २०१३ मध्ये केला. हाडातला मातृवंश ‘यू१बी’ निघाला. २२ हजारांहून अधिक भारतीयांच्या नमुन्यांत तो नव्हता, जॉर्जियात आहे. २०२१ च्या जुलैमध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्या अस्थींचा एक भाग तिबिलिसीत सुपूर्द केला.

त्याच मठातले आणखी दोन अवशेष तेव्हा तपासले होते. त्यांचे मातृवंश इथलेच, भारतातले निघाले. ते न्यायला अजून कोणी आलेलं नाही.