हजारो मेल डिलीट केले, तरी थंडरबर्ड जागा का सोडत नाही? जाणून घ्या

कॉम्प्युटरवर थंडरबर्डमध्ये मेल पाहणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. इनबॉक्स हळू उघडतो आणि मेल डिलीट करूनही डिस्क भरलेलीच राहते.

कारण काय?
थंडरबर्ड सहसा एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलमध्ये साठवतो. डिलीट केलेल्या मेलवर फक्त खूण होते. मजकूर फाइलमध्ये तसाच राहतो.

काय कराल?
१. आधी बॅकअप : थंडरबर्ड बंद करून प्रोफाइल फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. पीओपी अकाउंट असेल, तर जुन्या मेलची एकमेव प्रत तुमच्याच कॉम्प्युटरवर असू शकते.
२. कॉम्पॅक्ट : ट्रॅश रिकामा करा. मग फोल्डरवर राइट क्लिक करून 'कॉम्पॅक्ट' निवडा. यात नवी फाइल तयार होते, म्हणून डिस्कवर पुरेशी जागा हवी. काम संपेपर्यंत प्रोग्रॅम बंद करू नका.
३. रिपेअर : मेलची यादी चुकीची दिसत असेल, तर फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मधून 'रिपेअर फोल्डर' करा. त्यामुळे 'एमएसएफ' ही सूचीची फाइल नव्याने बनते.

हे टाळा : प्रोफाइलमधली 'इनबॉक्स' नावाची, एक्स्टेन्शन नसलेली मोठी फाइल कधीही डिलीट करू नका. तुमचे मेल त्यातच असतात.

जुने मेल निवडून 'ए' दाबलं, की ते आर्काइव्हमध्ये वर्षानुसार लागतात. इनबॉक्स हलका राहतो.