रंगाईचे मीठ सांडपाण्यातून परत

सोलापूर : चादरी व टॉवेलवरील गडद रंगामागे मिठाचा मोठा वाटा असतो. 'रिअॅक्टिव्ह' रंग सुताने धरावा म्हणून गडद छटांसाठी लिटरमागे ५० ते ८० ग्रॅम मीठ घालतात. सूत ते शोषून घेत नाही. रंगाई संपताच जवळजवळ सगळे मीठ सांडपाण्यात उतरते. जैविक प्रक्रियेनेही ते नाहीसे होत नाही. असे पाणी मुरल्यास विहिरी खारावतात, जमिनीचा कस जातो.

यावर 'नॅनोफिल्ट्रेशन' हा उपाय आहे. गाळ व सेंद्रिय घाण काढलेले पाणी सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून दाबाने सोडतात. सुमारे एक नॅनोमीटरच्या या छिद्रांत रंगाचे मोठे रेणू अडतात. साध्या मिठाचे पाणी मात्र पार होते. ते पुढील रंगाईला वापरता येते. मिठाऐवजी सोडियम सल्फेट वापरले असल्यास तेही बरेचसे अडते. त्यामुळे कारखान्यात कोणते मीठ वापरतात, हे आधी पाहावे लागते.

तमिळनाडूतील तिरुपूरमध्ये प्रदूषणामुळे मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. पुढे तेथील सामायिक प्रक्रिया केंद्रांनी पाणी व मीठ पुन्हा वापरण्याची वाट धरली.

पडदे चोंदतात, पंपांना वीज लागते. मीठ स्वस्त असल्याने केवळ त्यावर हा खर्च निघत नाही. मात्र वाचलेले पाणी आणि खारे पाणी आटवण्याचे वाचलेले इंधन हिशेबात धरले, की चित्र पालटते. उजनीच्या पाण्याकडे डोळे लावून बसणाऱ्या सोलापूरला हा हिशेब टाळता येणार नाही.