शिक्षक एकच, मालक तीन

गुरुग्राम, दिल्ली आणि नोएडा मेट्रोने जोडली गेली, त्याला आता बराच काळ लोटला. या तिन्ही ठिकाणच्या सरकारी शाळांना संसदेचा 2009 चा शिक्षण हक्क कायदा सारखाच लागू आहे. शिक्षकाची नोकरी मात्र सीमा ओलांडताच बदलते. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आले. राज्याच्या लोकसेवा मात्र राज्यसूचीतच राहिल्या. या तफावतीचे मूळ तिथे आहे.

निवृत्तीचेच पाहा. हरियाणात शिक्षक 58 व्या वर्षी निवृत्त होतो, दिल्लीत 60 व्या, तर उत्तर प्रदेशातील परिषदीय शाळांत 62 व्या. दिल्लीने 2007 मध्ये 62 वर्षांपर्यंत पुनर्नियुक्तीची वाट खुली केली. पण पुनर्नियुक्ती म्हणजे सलग सेवा नव्हे.

बदलीच्या बाबतीत चित्र उलटे दिसते. हरियाणाने 2016 मध्ये ऑनलाइन बदलीचे धोरण आणले. त्यात 80 पैकी 60 गुण वयासाठी होते. तरुण शिक्षकांना ते जाचक वाटले, तरी मंत्र्यांच्या चिठ्ठीचे महत्त्व त्याने कमी केले. उत्तर प्रदेशात प्राथमिक शिक्षकाचा संवर्ग जिल्हानिहाय असतो. पूर्वांचलातून गौतम बुद्ध नगरला येऊ पाहणाऱ्यास आधी आंतरजिल्हा बदलीची वाट पाहावी लागते आणि ती मिळाल्यावर ज्येष्ठतेवर पाणी सोडावे लागते. दिल्लीत जुलै 2024 मध्ये एकाच शाळेत दहा वर्षांहून अधिक काळ असलेल्या सुमारे 5 हजार शिक्षकांच्या बदल्यांचा आदेश निघाला आणि आठवड्याच्या आत तो रोखलाही गेला.

खरी कसोटी कंत्राटी शिक्षकांची. हरियाणाने 2019 मध्ये कायदा करून अतिथी शिक्षकांना निवृत्तीच्या वयापर्यंत सेवेची हमी दिली. दिल्ली विधानसभेने ऑक्टोबर 2017 मध्ये सुमारे 15 हजार अतिथी शिक्षकांना कायम करण्याचे विधेयक मंजूर केले. परंतु सेवा हा विषय विधानसभेच्या कक्षेत येत नाही, या आक्षेपात ते अडकले. उत्तर प्रदेशात तर मिळालेलेही हातचे गेले. 25 जुलै 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुमारे 1 लाख 37 हजार शिक्षामित्रांचे सहायक शिक्षक म्हणून झालेले समायोजन रद्द केले. पुढे त्यांना दरमहा 10 हजार रुपये मानधनावर काम करावे लागले.

दिल्लीचा पेच संसदेतही गाजला. मे 2023 मध्ये घटनापीठाने सेवांचे अधिकार निर्वाचित सरकारकडे सोपवले. आठवडाभरात वटहुकूम आला आणि ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला. बदल्या-नेमणुकांसाठी मुख्यमंत्री आणि दोन सनदी अधिकारी यांचे प्राधिकरण बनले, अंतिम शब्द नायब राज्यपालांचा राहिला. फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीनंतर दिल्लीत आणि केंद्रात एकाच पक्षाची सत्ता आली, म्हणून संघर्षाची धार बोथट झाली. कायद्याची रचना मात्र बदललेली नाही.

दिल्लीच्या शिक्षकाला केंद्रीय वेतनश्रेणी मिळते आणि उमेदवारांचा ओढाही तिकडेच असतो. तरीही नोकरीचे मोल पगाराच्या आकड्यावरून पूर्ण कळत नाही. अन्याय झाल्यास दाद कोणाकडे मागायची, हे गुरुग्रामच्या शिक्षकाला ठाऊक असते: चंदीगडला. नोएडाच्या शिक्षकाला लखनौ ठाऊक असते. दिल्लीतील शिक्षकाने सचिवालयाची पायरी चढावी की राजनिवासाची, हे दिल्लीत कोणाची सत्ता आहे यावर ठरते. शिक्षकाची सेवा राजकीय योगायोगावर अवलंबून ठेवणारी रचना दुरुस्त करणे संसदेच्याच हाती आहे.