आरएक्स १०० पळवायची आहे? आधी इंजिन नीट बांधा

संध्याकाळी वस्तीतल्या गॅरेजबाहेर एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "आरएक्सला चेंबर लावला तर किती पळेल?" युवकांसोबत काम करताना आम्ही या गप्पांत अनेकदा बसलो आहोत. वडिलांची किंवा काकांची यामाहा आरएक्स १०० घरी पडून असते. पहिल्या पगारातून थोडे पैसे बाजूला पडतात आणि ते थेट एक्सपान्शन चेंबर नि मोठ्या कार्बोरेटरवर जातात. आमचे म्हणणे असे की हा पैसा आधी इंजिन बांधण्यावर खर्च व्हायला हवा.

ही गाडी भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. म्हणजे त्यातली सर्वात नवी गाडीही आज तीस वर्षांच्या घरात आहे. ९८ सीसीच्या या इंजिनाची ताकद सुमारे ११ हॉर्सपॉवर, पण ती नव्या इंजिनाची. झिजलेल्या इंजिनातली बरीच ताकद आधीच गेलेली असते. तेव्हा आपल्याला हवा असलेला 'पिकअप' बऱ्याचदा मूळचाच, फक्त हरवलेला असतो.

टू-स्ट्रोकचे मर्म

या इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये येते. पिस्टन खाली येताना ते दाबले जाते आणि मग वर सिलिंडरमध्ये चढते. म्हणून क्रँककेस हवाबंद हवी. हे काम मुख्यतः क्रँकच्या दोन टोकांना असलेली ऑइल सील करतात. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअर ऑइल आत ओढले जाते आणि पांढरा धूर सुटतो. मॅग्नेटोच्या बाजूचे गेले तर धूर दिसत नाही, पण बाहेरची हवा आत शिरते. हवा जास्त, पेट्रोल कमी. पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला पकडतो.

आमच्या ओळखीच्या एका तरुणाचे हेच झाले. नवा चेंबर लावून पहिल्याच रविवारी तो हायवेला निघाला. पिस्टन पकडला, मागचे चाक जाम झाले. त्याने क्लच दाबला म्हणून वाचला. इंजिन उघडल्यावर कळले, सील कडक होऊन चिरलेले होते. ते चेंबरच्या किमतीच्या तुलनेत अगदी किरकोळ पैशांत मिळते.

काम कोणत्या क्रमाने?

१. आधी तपासणी. कॉम्प्रेशन मोजा. सील मात्र त्यात कळत नाहीत. त्यासाठी इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून साधारण ६ पीएसआय हवा भरतात. काटा लगेच खाली आला तर गळती आहे.

२. खालचे काम. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहा. प्ले जाणवला तर रॉड किट बदलून क्रँक ट्रू करून घ्या. इंजिन उघडलेच आहे तर क्रँकची बेअरिंग आणि दोन्ही सील नवी टाका.

३. वरचे काम. मूळ बोअर ५० मिलिमीटरचा. झीज असेल तर ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्याने मोठा पिस्टन घेतात. पिस्टन आधी विकत घ्या आणि तो बोअरिंगवाल्याच्या हातात द्या, कारण बोअर त्या पिस्टनच्या मापाने करायचा असतो. दोघांतली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. बोअरनंतर पोर्टच्या धारदार कडा घासून घ्या, नाहीतर रिंग अडकून तुटते. रिंगची तोंडे पिनवर बसवा, पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे ठेवा आणि सर्क्लिप नव्याच वापरा.

४. बाकीचे. रीड व्हॉल्व्हच्या पाकळ्या तुटल्या आहेत का पाहा. कार्बोरेटर धुवा, सायलेन्सरमधला कार्बन काढा, इग्निशन टायमिंग लावा. ऑइल पंपातली हवा काढायला विसरू नका. ती राहिली तर नवा पिस्टन पहिल्याच फेरीत ऑइलविना चालतो.

यानंतर निदान ५०० किलोमीटर दमाने चालवा. फुल थ्रॉटल नको, आणि एकाच वेगावर तासन्‌तासही नको.

मग अपग्रेड

आता चेंबर लावला तर त्याचा खरा फरक कळेल. चेंबर किंवा मोठा कार्बोरेटर बसवला की मेन जेट पुन्हा जुळवावा लागतो. स्पार्क प्लग पांढरट दिसू लागला तर गाडी थांबवा, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. बदल एका वेळी एकच करा, म्हणजे बिघडले तर कारण सापडते.

कायदाही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरणही लागते. रस्त्यावर वापरायची गाडी मूळ रूपात नीट बांधलेलीच बरी.

मित्रांनो, गॅरेजवाल्याला तीन प्रश्न नक्की विचारा. बोअरचे माप किती आले? सील बदलली का? जुने पार्ट कुठे आहेत? चांगला मिस्त्री या प्रश्नांवर चिडत नाही, उलट फिलर गेज आपल्या हातात देतो. पैसा कष्टाचा आहे आणि जीव एकच आहे. म्हणून आधी मोजा, मग पळवा.