शेरलॉक होम्सचा तो वाकडा पाइप असतो भोपळ्याचा, पण बऱ्याचदा विकला जातो लाकडाचा. खरा ओळखायचा कसा?

मित्राच्या एकांकिकेत एका डिटेक्टिव्हचं पात्र होतं. टोपी मिळाली, भिंग मिळालं, राहिला पाइप. गड्याने ऑनलाइन शोधून ‘ओरिजिनल कॅलाबॅश’ असं लिहिलेला एक मागवला. पार्सल फोडलं, पाइप हातात घेतला आणि पहिलंच वाक्य निघालं, “एवढा जड?”

निकाल तिथेच लागला होता. कारण कॅलाबॅश हातात घेतला की आकाराच्या मानाने हलका लागतो. तो भोपळा असतो.

हो, भोपळाच. ज्याची भाजी ताटात दिसली की पोरं तोंड वाकडं करतात तो दुधी आणि कॅलाबॅश, दोघांचं शास्त्रीय नाव एकच, लॅजेनारिया सिसेरारिया. फक्त वाण वेगळा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांसाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडून जो भोपळा येतो, तोही याच घरातला. वाळला की आत पोकळ होतो, साल लाकडासारखी टणक होते आणि वजन नावाला उरतं. तानपुऱ्यात त्या पोकळीत सूर घुमतो, पाइपमध्ये धूर.

या पाइपचं गाव मात्र दक्षिण आफ्रिका. तिथे भोपळा वेलीवर कोवळा असतानाच त्याची मान हळूहळू वळवत नेतात, म्हणजे वाढता वाढता तो वाक आपोआप येतो. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात तिकडे गेलेल्या इंग्रज सैनिकांनी हा पाइप पाहिला, आणि त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये त्याची फॅशन आली.

आता होम्सचं बघा. पहिली कादंबरी १८८७ ची. कथांमध्ये तो मातीचा पाइप ओढतो, ब्रायर लाकडाचा ओढतो, चेरीच्या लाकडाचाही ओढतो. कॅलाबॅश एकदाही नाही. सिडनी पॅजेटच्या मूळ चित्रांत पाइप सरळ आहे. वाकडा पाइप लोकांच्या डोक्यात बसवला तो विल्यम जिलेट या अमेरिकन नटाने, १८९९ च्या नाटकात, आणि त्याचाही कॅलाबॅश नव्हता. तो होम्सच्या तोंडात नंतरच्या लोकांनी दिला. थोडक्यात, ज्या ओळखीवर हा पाइप खपतो, तीच उसनी आहे.

मग त्याचं खरं वैशिष्ट्य काय? तर पोकळी. पाइपच्या तोंडाशी पांढरी वाटी असते, तंबाखू तिच्यात जळते. वाटीच्या बुडाला भोक असतं. त्यातून धूर खाली भोपळ्याच्या पोकळीत येतो, तिथे एकदम मोकळी जागा मिळते, त्याचा वेग मंदावतो, उष्णता कमी होते आणि दमटपणा आतल्या भिंतीवर बसतो. मग तो नळीतून वर येतो. साध्या लाकडी पाइपमध्ये हा ओलावा नळीत साचून गुडगुड आवाज येतो, इथे तो त्रास कमी.

म्हणून विकत घेताना पहिलं काम, वाटी फिरवून बाहेर काढायची आणि आत डोकवायचं. आत रिकामं पोट दिसलं तर ठीक. ड्रिलने पाडलेलं बारीक भोक दिसलं तर तो कॅलाबॅशच्या आकाराचा लाकडी पाइप आहे, किंमत काहीही सांगोत. बाहेरून लाकडाच्या रेषा दिसल्या तरी तेच. आणि दुकानदार वाटी काढूच देत नसेल, तर मी तिथून निघून जाईन.

भोपळ्याची भिंत जाड हवी, पातळ भिंत तडकते. वाक एका ओघात आलेला हवा, मध्येच मोडल्यासारखा नको. नव्या पाइपचा रंग फिकट पिवळसर असतो आणि वापरून तो तपकिरीकडे जातो, त्यामुळे नवाकोरा पाइप गडद चॉकलेटी असेल तर रंग कुठून आला ते विचारा.

खरे पैसे वाटीचे असतात. चांगली वाटी मीरशॉमची. हे मऊ पांढरं खनिज तुर्कस्तानात एस्कीशेहिरच्या आसपास निघतं, आणि इतकं हलकं असतं की कोरडा तुकडा पाण्यावर तरंगू शकतो. जर्मन भाषेत या नावाचा अर्थच समुद्राचा फेस. अख्ख्या दगडातून कोरलेली वाटी भारी. चुरा दाबून बनवलेली त्याखालची, ओलावा कमी शोषते. चिनी मातीची सगळ्यात स्वस्त, जड आणि चकचकीत, ओलावा शोषतच नाही. जाहिरातीत नुसतं ‘मीरशॉम’ लिहिलेलं असेल तर कोरलेलं की दाबलेलं, हे लेखी विचारून घ्या. वाटी बसते तिथलं बूचही बघा. वाटीचं तोंड तळहाताने बंद करून नळीतून ओढायचं. हवा आली तर बूच गेलंय.

जुना पाइप घेत असाल तर चांदीच्या कड्यावरचे शिक्के भिंगाखाली धरा. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, आणि सोबतच्या अक्षरावरून साल काढता येतं. तोंडात धरायचा भाग जुन्या पाइपात अंबरचाही असतो, तो ठिसूळ. व्हल्कनाइटचा असेल तर उजेडाने हिरवट पडतो, पण तो घासून साफ होतो.

विकणारे अजून एक गोष्ट हमखास सांगतात. धूर गार होतो, म्हणून त्रास कमी. गार होतो हे खरं. पण निकोटिन आणि कॅन्सर करणारी रसायनं पोकळीत राहत नाहीत, ती तोंडात येतातच. धूर छातीत न घेता नुसता तोंडात खेळवणाऱ्यांनाही तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका असतो. हुक्क्यातलं पाणी धूर ‘धुतं’ म्हणतात, तसलाच हा प्रकार. कायद्यालाही भोपळा आणि सिगारेट यात फरक नाही. सार्वजनिक ठिकाणी ओढला तर २००३ च्या तंबाखू कायद्याखाली २०० रुपयांपर्यंत दंड आहे. संग्रहासाठी किंवा नाटकासाठी घेऊन कपाटात ठेवणार असाल, तर वरचं सगळं तपासून खुशाल घ्या.

मित्राने नंतर ती जाहिरात पुन्हा उघडली. फोटोंच्या खाली, बारीक अक्षरांत, ‘मटेरियल : वूड’ असं लिहिलेलं होतंच. परत करायची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. एकांकिकेत त्याने तोच वापरला, न पेटवता.