विश्लेषण : आयर्विन पुलाजवळचे 40 फूट, कृष्णाकाठासाठी या आकड्याचा अर्थ काय?

पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठल्यावर आधी एक आकडा पाहतात : आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. जनावरे कधी हलवायची, दुकानातला माल वरच्या मजल्यावर कधी न्यायचा, हे त्यावरच ठरते.

पाणी सांगलीतच का तुंबते?

महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या कृष्णेला कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना, तर सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा येते. सर्व खोऱ्यांत एकाच वेळी मुसळधार पाऊस झाला, की वरून धरणांचा विसर्ग आणि खालून पंचगंगेचा फुगवटा अशा कोंडीत शहर सापडते. नदीचा उतार कमी, वळणे जास्त. त्यामुळे पूर लवकर ओसरत नाही. 2019 मध्ये पातळी 57 फुटांवर गेली. 2005 आणि 2021 मध्येही मोठा फटका बसला.

मग लोक काठ का सोडत नाहीत?

पुराबरोबर येणारा गाळ हीच इथल्या शेतीची पुंजी. मळीच्या रानात ऊस, भाजीपाला आणि कृष्णाकाठची प्रसिद्ध वांगी पिकतात. याच नदीने नुकसानही केले. हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे होती. 2005 च्या पुरात त्यातली अनेक निकामी झाली.

नृसिंहवाडीत पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणद्वारातून बाहेर पडले, की भाविक स्नानाला गर्दी करतात. हाच दक्षिणद्वार सोहळा. पाणी आणखी वाढले, की त्याच शिरोळ तालुक्यातील गावांना स्थलांतर करावे लागते.

अलमट्टीचा वाद काय?

कर्नाटकातील अलमट्टी धरणाची साठवण पातळी 519.60 वरून 524.256 मीटर करण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने 2010 मध्ये मुभा दिली. उंची वाढल्यास फुगवटा वाढेल, अशी सांगली-कोल्हापूरकरांना भीती आहे. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र अलमट्टीला थेट जबाबदार धरले नाही.

बाहेर कधी पडायचे?

पुलाजवळच्या आकड्यासोबत कोयना व वारणेचा विसर्गही पाहावा. धरणातून सुटलेले पाणी सांगलीत काही तासांनी पोहोचते. 2019 मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडताना बोट उलटून अनेकांचा जीव गेला. रस्ता कोरडा असतानाच निघणे, हाच त्यातला धडा.